खोबणीत रंग खरबरीत का येतो: सीएनसीवर कापलेल्या एमडीएफ शटरची लव

एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) कापून केलेले कपाटाचे शटर, म्हणजे दार, सीएनसी या संगणकाने चालणाऱ्या मशीनवरून उतरते तेव्हा ठीक दिसते. प्रायमरचे दोन हात (थर) बसतात, सपाट भाग काचेसारखा होतो, पण खोबणीत बोट फिरवले की खरखर लागते. घासले की गुळगुळीत, पुढचा हात मारला की पुन्हा खरखर. पॉलिशवाला मशीनवाल्याकडे बोट दाखवतो, मशीनवाला बोर्डाकडे, आणि पुढच्या ऑर्डरला तोच प्रकार पुन्हा होतो.

ही खरखर म्हणजे लव, कापलेल्या भागातून उभे राहिलेले बारीक तंतू. ती रंगखोलीत दिसते, पण तिची सुरुवात तिथे झालेली नसते. म्हणून रंगाचे हात वाढवून ती जात नाही. उलट जाड थरामुळे नक्षीची धार बुजते आणि खरखर खाली तशीच राहते. ती कुठे तयार होते ते शोधायला फार तर अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस द्यावा, कारण रंगवलेले शटर पुन्हा उतरवून घासण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

आधी ती लवच आहे ना, ते पाहा

खोबणीतली प्रत्येक खरखर ही लव नसते. मोबाइलचा टॉर्च शटरला जवळजवळ टेकवून, खोबणीला आडवा उजेड पडेल असा धरा आणि नखाने हलके खरवडा. कण वाळूसारखे सुटले आणि खाली गुळगुळीत लागले, तर तो कोरडा फवारा आहे. बंदुकीतून निघालेला रंग हवेतच वाळून खोबणीत पडला आहे. नखाला ताठ, टोचरे काटे लागले आणि ते सुटत नसले, तर ती लव आहे.

कोरड्या फवाऱ्याचे कारण सोपे आहे. अरुंद खोबणीत हवा जोराने शिरते आणि तळाला आपटून उलटी येते. ती रंगाला आत बसू देत नाही. दाब वाढवला की त्रास आणखी वाढतो. वर कप असलेल्या बंदुकीचा दाब दोन-अडीच बारवर आणा, आधी फक्त खोबणी तिरक्या हाताने दोन्ही बाजूंनी मारून घ्या आणि मग सपाट भागावर जा. प्रायमरसाठी १.६ ते १.८ आणि शेवटच्या रंगासाठी १.३ ते १.४ मिमीचा नोझल पुरतो. तेवढ्याने खरखर गेली तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

बोर्डाचे पोट

एमडीएफ बनवताना लाकडाचे तंतू वाफेवर मऊ करून सुटे करतात, त्यांना राळ लावून गरम प्रेसखाली दाबतात. प्रेसच्या तव्याला लागलेला वरचा-खालचा भाग आधी तापतो आणि घट्ट दबतो. मधला भाग उशिरा तापतो, म्हणून सैल राहतो. त्यामुळे वरचे दोनेक मिलिमीटर कडक आणि पोट भुसभुशीत असते. सपाट शटर रंगवताना आपण फक्त कडक कातडीवर काम करतो. सहा मिलिमीटर खोल खोबण कापली की थेट पोटात जातो. तिथले तंतू सैल असल्याने ते कापले जाण्याऐवजी वाकतात, आणि ओलावा किंवा थिनर मिळाला की उभे राहतात.

बोर्ड विकणारा सांगतो ती घनता सरासरी असते. आपल्याला पोटाची घनता हवी, आणि ती घरच्या वजनकाट्यावर काढता येते. १८ मिमी बोर्डाचा ३०० गुणिले ३०० मिमीचा तुकडा कापून वजन करा. ग्रॅममधल्या वजनाला ०.०९ आणि मिलिमीटरमधली जाडी यांच्या गुणाकाराने भागले की किलो प्रति घनमीटर घनता मिळते. १२१५ ग्रॅम भरले तर ७५०. आता त्याच तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी ५-५ मिमी मशीनवर साफ करा. मधला ८ मिमी उरतो. तो ४३२ ग्रॅम भरला तर पोट ६०० चे आहे, ५०४ भरला तर ७०० चे. पहिल्या बोर्डावर साधे सपाट किंवा कडेला गोलाई दिलेले शटर करावे, खोल नक्षी करू नये. दुसऱ्यावर नक्षी चालते. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक येतो, म्हणून नवीन गाडी उतरली की एक तुकडा तोलायची सवय ठेवा.

एचडीएचएमआर (जास्त घनतेच्या, ओलावा सोसणाऱ्या) बोर्डाची सरासरी घनता साधारण ८५० च्या आसपास असते. त्यात लव खूप कमी उठते. पण ८ बाय ४ ची १८ मिमी शीट साध्या एमडीएफची ४० किलो असेल तर ही ४५ किलोच्या पुढे जाते. मोठ्या दारांना बिजागऱ्या त्या हिशेबाने वाढवाव्या लागतात, आणि मशीनचे कापणारे बिटही लवकर बोथट होते.

शेकर शटरबद्दल वेगळे सांगायला हवे. चौकट ठेवून मधला सगळा भाग सहा मिमी खाली उतरवला की एका बाजूची कडक कातडी पूर्ण निघून जाते आणि मागची तशीच राहते. अशा शटरचा आख्खा मधला भाग रंग पितो, शिवाय उंच शटर वाकते. तीन मिमीच्या वर उतरवायचे असेल तर चौकट वेगळी आणि मधला पातळ पॅनल वेगळा करावा, हे आमचे ठाम मत आहे. मजुरी वाढते, पण पॅनलची कडक कातडी शाबूत राहते आणि दार सरळ राहते.

बिट कापते की घासते

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्यातली सर्वांत मोठी म्हणजे हळू चालवणे. फिनिश चांगली यावी म्हणून मशीन हळू चालवतात आणि स्पिंडल (बिट फिरवणारा भाग) पूर्ण वेगात ठेवतात. एमडीएफला हे नेमके उलट पडते. बिटच्या प्रत्येक धारेने प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जाडीचा कण उचलला पाहिजे. तो फार पातळ झाला तर धार तंतू कापत नाही, त्यांच्यावर घासते. घासण्याने बिट तापते, राळ मऊ होते, धार आणखी बोथट होते आणि तंतू दबून खोबणीत आडवे पडतात. मशीनवर शटर गुळगुळीत दिसते ते याच दबलेल्या तंतूंमुळे. पहिला हात बसला की ते उठतात.

हिशेब असा: फीडला (बिट पुढे सरकण्याच्या वेगाला) आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि धारांची संख्या यांच्या गुणाकाराने भागा. दोन धारांचे ६ मिमी बिट, १८,००० आरपीएम आणि मिनिटाला २००० मिमी फीड असेल तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०५६ मिमी येते. हे घासणे झाले. तेच बिट त्याच आरपीएमवर ५५०० मिमीने चालवले की ०.१५ मिमी येते, आणि ६ मिमी बिटला एमडीएफमध्ये एवढे हवेच. ३ मिमी बिटला ०.०६ ते ०.०८ पुरे, म्हणजे १८,००० वर साधारण २२०० ते २९०० मिमी. एका पासची, म्हणजे एका फेरीत कापायची, खोली बिटच्या व्यासाइतकी ठेवली तर बहुतेक मशीन सहज झेपवतात.

मशीन हलके असेल आणि ५५०० वर गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारी आडवी चौकट) थरथरत असेल, तर फीड एकटा कमी करू नका. आरपीएमही त्याच प्रमाणात खाली आणा. १२,००० आरपीएमवर ३६०० मिमी फीड म्हणजे पुन्हा तेच ०.१५. मात्र २४,००० आरपीएमचा स्पिंडल १२,००० वर आणला की त्याची ताकदही साधारण अर्धी होते, म्हणून पासची खोली कमी करावी लागते.

कागदावरचा फीड आणि मशीनचा खरा फीड वेगळा असतो हेही लक्षात घ्या. बारीक नक्षीत, छोट्या गोलाईत आणि कोपऱ्यात मशीन वेग पकडायच्या आत तिला पुन्हा हळू व्हावे लागते. तुम्ही ५५०० घातले असले तरी कोपऱ्यात ती हजारानेही चालत नसेल. लव फक्त कोपऱ्यात आणि वळणावर आहे, सरळ भाग साफ आहे, अशी खूण दिसली तर हेच कारण समजा. नक्षीच्या टूलपाथला (बिटच्या ठरवलेल्या वाटेला) आरपीएम वेगळा द्या, १२,००० ते १४,०००. कंट्रोलरमध्ये प्रवेग वाढवायला जागा असेल तर थोडा थोडा वाढवून पाहा. मोटरच्या पायऱ्या चुकायला लागल्या, म्हणजे माप सुटायला लागले, की एक पाऊल मागे या.

तपासायची साधी पद्धत अशी. अर्धा तास काम झाल्यावर स्पिंडल पूर्ण थांबू द्या, पुरवठा बंद करा आणि बिटला हात लावा. कोमट असेल तर ते कापते आहे. हात ठेववत नसेल तर घासते आहे. भुसाही चिमटीत घेऊन पाहा: मैद्यासारखा उडणारा असेल तर बिट घासते आहे, चिमटीत किंचित रवाळ लागला तर कापते आहे.

बोथटपणा डोळ्यांना उशिरा कळतो. एमडीएफमधली राळ आणि बारीक कच बिटची कार्बाइडची धार झिजवते, आणि ती एका ठिकाणी जास्त झिजवते: जिथे बोर्डाची कडक कातडी रोज त्याच उंचीवर घासते तिथे. बिटच्या धारेवर भिंगातून एक बारीक खाच दिसते, आणि शटरच्या कडेवर त्याच उंचीवर एक रेघ उठते. बिट कोलेटमध्ये (त्याला पकडणाऱ्या बाहीत) वरखाली करून खोली बदलली तर नवीन धार कामाला येते. पण ही युक्ती एक-दोनदाच चालते. आमचा सल्ला असा की खोबणीची बिटं आणि आरपार कापायची बिटं वेगळी ठेवावीत. आरपार कापणारे बिट बोथट झाले तरी कड घासून घेता येते. खोबणीचे बिट बोथट झाले की त्याचा भुर्दंड रंगात भरावा लागतो.

शेवटचा पास वेगळा ठेवा. खोबणीच्या भिंतीला ०.३ मिमी सोडून रफ काढा आणि मग तेवढेच पूर्ण खोलीने एका फेरीत साफ करा. या फेरीची दिशा दोन्ही बाजूंनी करून पाहा. स्पिंडल घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे पॉकेटच्या (कोरलेल्या खोलगट भागाच्या) आत उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध गेले की धार तंतूंवर वरून पडते आणि बहुतेक वेळा भिंत स्वच्छ येते. हलक्या मशीनवर मात्र असे करताना बिट ओढले जाऊन मापाला फरक पडतो, म्हणून त्या ०.३ मिमीपुरतेच करा.

व्ही-बिटचे टोक

टोकदार व्ही-बिटने केलेल्या खोबणीत लव नेहमी मधोमध, तळाच्या रेषेत असते. तिथे व्यास शून्य, म्हणजे टोकाचा फिरण्याचा वेगही शून्य. आरपीएम काहीही असू द्या, टोक कापत नाही, तंतू ढकलत जाते. गोल टोकाच्या बॉलनोज बिटचेही तसेच. टोकदार व्ही बाजूला ठेवा आणि टोक अर्धा ते एक मिमी सपाट असलेले बिट वापरा. खोबण डोळ्यांना तशीच दिसते, तळ मात्र कापला जातो आणि रंगही बसतो. टोकदारच हवे असेल, तर तळाची रेषा हाताने घासण्याची मजुरी आधीच धरा.

९० अंशाच्या व्ही-बिटला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. खोली ०.३ मिमी चुकली की खोबणीची रुंदी ०.६ मिमीने बदलते. दोन शटर शेजारी लागले की हा फरक लांबूनही दिसतो. खोबणीसाठी झेड शून्य (खोली जिथून मोजायची ती पातळी) बोर्डाच्या वरच्या पृष्ठावर घ्या, आरपार कापण्यासाठी टेबलावर. मशीनच्या टेबलावर पसरलेला एमडीएफ महिन्यातून एकदा तरी सपाट करून घ्या.

कोलेटही तपासा. त्यात चिकटलेली राळ आणि भुसा बिटला तिरके धरतात. मग दोन धारांपैकी एकच कापते आणि तुमचा सगळा हिशेब चुकतो. डायल गेजवर (बारीक फरक मोजणाऱ्या घड्याळावर) कोलेटजवळ ०.०३ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी कोलेट आणि नट साफ करा, मग मोजा, आणि तरीही दिसला तर कोलेट बदला. ईआर प्रकारचे कोलेट आधी नटमध्ये टिचकन बसवून मगच स्पिंडलला लावावे. सुटे टाकून नट आवळले तर ते तिरके बसते.

सीलिंग: लव ताठ करा आणि मग कापा

मशीन कितीही चांगले चालले तरी थोडी लव राहतेच. ती काढण्याचा मार्ग म्हणजे आधी तिला कडक करणे. मऊ तंतू पॉलिशपेपरखाली वाकतो आणि पेपर पुढे गेला की पुन्हा उभा राहतो. सिलरने (रंगाआधी बोर्डात मुरवायच्या थराने) कडक झालेला तंतू मात्र तुटतो.

लाकडावर ओले फडके फिरवून लव उठवून घासायची जुनी रीत इथे चालत नाही. पाण्याने एमडीएफचे तंतू फुगतात आणि खोबणीची धार कायमची जाडसर होते. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून लावण्यालाही हेच लागू आहे, शिवाय तो घासताना चिकट होऊन पेपर भरतो. पाण्याची लांबी (पुट्टी) खोबणीत भरू नये. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबीनेही कोपरे बुजतात आणि ती वाळताना बसते, त्यामुळे तीही फक्त खड्डा पडला तर तेवढ्या जागी लावावी.

शटर मशीनवरून उतरले की खोबणी नायलॉन ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा. मग २४० नंबरने एकच हलका हात. त्यासाठी पेपर बोटाला गुंडाळू नका. तीच नक्षी उलट कापलेला एमडीएफचा एक तुकडा करून त्यावर पेपर चिकटवा. बोटाने घासले की नक्षीची धार गोल होते. शटरच्या बाहेरच्या कडाही दीड-दोन मिमी गोल करा, कारण तीक्ष्ण धारेवरून रंग मागे सरकतो आणि तिथे थर सर्वांत पातळ राहतो.

आता दोन भागांचा पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) सिलर घ्या. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला, थिनर मात्र कंपनीने दिलेल्या वरच्या मर्यादेपर्यंत वाढवा. पहिला हात ब्रशने, फक्त खोबणी आणि कापलेल्या कडांना. बोर्ड तो पिऊन घेतो. २०-३० मिनिटांनी तिथेच दुसरा ओला हात. त्यानंतर पूर्ण शटरला बंदुकीने एक हात. रात्रभर वाळू द्या. दुपारी मारून संध्याकाळी घासायला घेऊ नका. आतून ओला सिलर लव धरत नाही.

दुसऱ्या दिवशी ३२० नंबरने घासा. या वेळी खोबणीतून पांढरी कोरडी पावडर निघाली पाहिजे. पेपरवर गोळ्या धरत असतील तर अजून वाळलेले नाही. त्यावर पांढऱ्या पीयू प्रायमरचे दोन हात, आणि पुन्हा ३२०, मग ४०० नंबर. प्रायमर घासण्याआधी त्यावर काळी पावडर चोळा. ती खोबणीत जिथे राहते तिथे अजून खड्डा किंवा लव आहे. घासताना कुठे बोर्ड उघडा पडला, आणि तो हमखास धारेवरच पडतो, तर तेवढ्या जागी पुन्हा सिलर लावा. नाहीतर शेवटच्या रंगात ती जागा मंद दिसते.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्यासाठी कापडी मास्क उपयोगाचा नाही, निदान सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज मास्क तरी लागतो. घासतानाची धूळही गंभीरपणे घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले, आणि एमडीएफची धूळ तर फार बारीक असते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत हवाच ओली असते. तिथे हीच पद्धत करूनही लव उठली तर बोर्ड ओला आहे असे समजा. शीट भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका. जमिनीपासून चार इंच वर, एका पातळीतल्या चार-पाच आडव्या पट्ट्यांवर झोपवून ठेवा आणि वर प्लास्टिक टाका. कापलेले शटर त्याच दिवशी सिलरखाली गेले पाहिजे, कारण उघडी खोबण रात्रभर हवेतला दमटपणा ओढत राहते. पीयूचा हार्डनर पाण्याशी लागला की बुडबुडे येतात, म्हणून कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सकाळी काढा आणि हार्डनरचा डबा उघडा ठेवू नका.

दर सांगताना

लव न निघण्याचे एक कारण दरातही असते. शटर चौरस फुटाने विकले जाते, आणि खोबण घासायला वेळ लागतो तो लांबीने. २४ बाय ३० इंचाचे शटर पाच चौरस फूट होते. सव्वादोन इंचाची चौकट सोडून त्यात एक आयत कोरला तर खोबणीची लांबी साडेसात फूट. त्याच मापात इंचाइंचाला उभ्या खोबणी घातल्या तर तेवीस खोबणी, प्रत्येकी अडीच फूट, म्हणजे साडेसत्तावन्न फूट. चौरस फूट तेच, घासकाम साडेसातपट. दोन्ही एकाच दराने घेतली की कारागीर घाईत एक घासणी गाळतो, आणि शटर परत येते.

म्हणून कोटेशनमध्ये बोर्ड आणि रंग चौरस फुटाने, खोबणीचे सीलिंग आणि घासणी धावत्या फुटाने वेगळी लिहावी. मागच्या बाजूला किती हात मिळणार तेही लिहावे, कारण एकाच बाजूला जाड थर बसला की शटर वाकते. ऑर्डर घेण्याआधी त्याच लॉटच्या बोर्डावर, तीच नक्षी, तोच रंग देऊन एक फुटाचा नमुना करा, त्यावर ग्राहकाची सही घ्या आणि सगळी शटर बसेपर्यंत तो कारखान्यात जपून ठेवा. त्याच्या मागे बिटचा नंबर, आरपीएम, फीड आणि सिलरचे हात मार्करने लिहून ठेवले, तर सहा महिन्यांनी त्याच ग्राहकाचे एक जादा शटर करायला पुन्हा शोधाशोध करावी लागत नाही.